देवो, राखो, असो : लेकरांना रोज आशीर्वाद कसा द्यावा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारची उपासना संपताना पाळकसाहेब दोन्ही हात उंच करतात आणि सगळे माना खाली घालतात. लहानपणी मला उपासनेतला तेवढाच भाग नीट कळायचा. उपदेश लांब असायचा, गीतं मोठ्यांच्या सुरात असायची, पण शेवटचं ते आशीर्वचन थेट माझ्यापर्यंत यायचं. आठवड्याचे उरलेले सहा दिवस हे काम आजीकडे होतं. नगर जिल्ह्यातलं गाव, शाळेची वेळ आणि तिची भाकरीची वेळ एकच. दप्तर पाठीला लावून चुलीपाशी जाऊन वाकायचं. तिचे दोन्ही हात पिठाचे असायचे, म्हणून ती मनगट डोक्यावर टेकवायची आणि म्हणायची, “प्रभू तुला राखो.” तीन शब्द. मग लगेच, “पळ आता, घंटा होईल.”

आज माझी लेक पंधरा वर्षांची आहे, मुलगा आठचा. लेक आठ वर्षांची होईपर्यंत मी तिच्यासाठी रोज प्रार्थना करत होते, पण तिला आशीर्वाद एकदाही दिला नव्हता, आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. लक्षात आलं ते आजीला माती देऊन परतताना. एसटीत लेकीने विचारलं, “पणजी माझ्या डोक्यावर हात ठेवून काय म्हणायची गं?” तिला शब्द आठवत नव्हते, हात आठवत होता. त्या रात्री मी सुरुवात केली. पुढे जे लिहिलंय ते त्यानंतरच्या सात वर्षांत शिकलेलं आहे. मुलांसाठी मनापासून प्रार्थना करणारे, पण मुलांच्या कानावर आशीर्वाद न घातलेले आईबाप आपल्या मंडळ्यांमध्ये खूप आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी वाक्य ओळखा

घरात मुलांबद्दल आपण चार प्रकारची वाक्यं बोलतो आणि ती एकमेकांत मिसळून टाकतो.

“देवा, माझ्या लेकराला सांभाळ.” ही प्रार्थना. इथे आपण देवाशी बोलतोय आणि मूल बहुतेक वेळा झोपलेलं किंवा शाळेत असतं. “किती सुंदर चित्र काढलंस!” हे कौतुक. ते मुलाने काहीतरी केल्यावरच येतं. “तू मोठा अधिकारी होशील बघ.” ही आपली अपेक्षा, भाकिताचा झगा घातलेली. आणि “देव तुला सांभाळो.” हा आशीर्वाद. तोंड मुलाकडे, नाव देवाचं, देणारा तोच.

मराठीत आशीर्वाद ओळखायची सोपी खूण म्हणजे क्रियापदाचा शेवट. आपल्याकडे मोठी माणसं पूर्वापार म्हणत आली आहेत, “मोठा हो”, “यशस्वी हो”, “औक्षवंत हो”. त्यात माया आहेच. पण “हो” ही मुलाला केलेली आज्ञा आहे. यशस्वी व्हायचं काम त्याच्या गळ्यात पडतं. “देव तुला बळ देवो” म्हटलं की देण्याचं काम देवाकडे जातं आणि मुलाने फक्त घ्यायचं उरतं. दहावीच्या वर्षात असलेल्या मुलाला या एका अक्षराचा फरक फार जाणवतो. माझ्या लेकीने यंदा तो मला बोलूनही दाखवला: “सगळे ‘नव्वदच्या वर काढ’ म्हणतात. तू एकटीच काही काढायला सांगत नाहीस.”

मोशेच्या नियमशास्त्रात परमेश्वराने अहरोन या याजकाला आणि त्याच्या मुलांना लोकांना आशीर्वाद कसा द्यायचा ते शब्दांसकट सांगितलं. बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, २४ ते २६ या ओव्यांत ते आहे. मराठी भाषांतरांमध्ये शब्द थोडे मागेपुढे होतात, पण मूळ असं: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो, परमेश्वर आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो व तुझ्यावर कृपा करो, परमेश्वर आपले मुख तुझ्याकडे करो व तुला शांती देवो. देवो, करो, पाडो. सगळी क्रियापदं आपल्या ओळखीची.

यात दोन गोष्टी घरासाठी फार मोलाच्या आहेत. पहिली, हे शब्द सगळ्या इस्राएल लोकांसमोर बोलायचे होते, तरी इब्रीत “तुम्हाला” नाही, “तुला” आहे. हजारोंच्या गर्दीतही एकेकाला उद्देशून. मराठीत हा फरक जसाच्या तसा येतो, म्हणून घरी दोन-तीन मुलं असली तरी आशीर्वाद एकेकाला, “तुला” म्हणूनच द्यावा. दुसरी गोष्ट लगेच पुढच्या ओवीत आहे: याजकांनी देवाचं नाव लोकांवर ठेवायचं, आणि आशीर्वाद मी देईन, असं परमेश्वर म्हणतो. आपण फक्त उच्चारायचं. आपली श्रद्धा त्या दिवशी डळमळीत असली, आपण थकलेले असलो, तरी त्याने काही अडत नाही.

याच ओव्या कोरलेल्या दोन छोट्या चांदीच्या गुंडाळ्या १९७९ साली यरुशलेममध्ये केतेफ हिन्नोम इथल्या प्राचीन थडग्यांत सापडल्या. उत्खनन गाब्रिएल बारकाय यांचं होतं. गुंडाळ्यांचा काळ इसवीसनापूर्वी सातव्या शतकाचा शेवट किंवा सहाव्याची सुरुवात असा धरतात, म्हणजे मृत समुद्राकाठी सापडलेल्या प्राचीन हस्तलिखित गुंडाळ्यांहूनही त्या कितीतरी जुन्या. कुणीतरी हे शब्द गळ्यात घालत असावं. मला ते वाचून गहिवरून आलं, पण एक सावधपणाही हवा: आशीर्वाद हा ताईत नाही. एखाद्या सकाळी राहून गेला म्हणून दिवसभर काही वाईट घडेल अशी धास्ती मुलाच्या किंवा स्वतःच्या मनात बसू देऊ नका.

“हा अधिकार पाळकांचा ना?”

हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. मंडळीसमोर हात उंच करून आशीर्वचन म्हणणं हे पाळकांचं काम आहे, ते त्यांच्याकडेच राहू द्या. पण जुन्या करारात इसहाकाने, याकोबाने आपल्या लेकरांना घरात, बिछान्यावर बसून आशीर्वाद दिला. नव्या करारात येशूचा शिष्य पेत्र सगळ्या विश्वासणाऱ्यांना राजकीय याजकगण म्हणतो आणि आशीर्वाद देण्यासाठीच तुम्हाला पाचारण झालंय, असंही लिहितो. कॅथलिक शिकवणही याला धरूनच आहे. बाप्तिस्म्याच्या विधीत फादरांच्या पाठोपाठ आईवडील आणि धर्ममातापिता बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात. तीच खूण आई रोज अंगठ्याने करू शकते.

गोव्याच्या कॅथलिक घरांत संध्याकाळची तेर्स, म्हणजे रोझरी, संपली की धाकटे मोठ्यांकडे “बेसांव” मागतात. शब्द पोर्तुगीजमधून कोकणीत आलेला, अर्थ आशीर्वाद. मला त्या प्रथेतलं मागणं फार आवडतं. तिथे नातवंडं असलेला माणूसही आपल्या म्हाताऱ्या आईपुढे हात जोडून बेसांव मागतो. आपण प्रोटेस्टंट घरांत हे मागणं जरा विसरलोय.

पहिला आठवडा: झोपलेल्या मुलापासून

ज्या आईबापांना स्वतः लहानपणी आशीर्वाद मिळाला नाही, त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडता पडत नाही. माझ्या नवऱ्याचं तसंच झालं. त्याच्या घरी वडील कमी बोलायचे, आणि जे बोलायचे ते कामाचं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, सुरुवात मूल झोपल्यावर करा.

दिवा मालवल्यावर पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. मग पलंगाशी बसा. हात डोक्यावर किंवा पाठीवर हलका ठेवा. नाव घ्या आणि एकच वाक्य पुटपुटा, स्वतःला ऐकू येईल इतक्या आवाजात: “देव तुला शांत झोप देवो.” संपलं, उठा. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य. वाक्य बदलायचा मोह टाळा. तीन-चार दिवसांत जीभ सैल होते, आवाजातला अवघडपणा जातो. आठवड्याच्या शेवटी मूल जागं असतानाच जा आणि तेच म्हणा.

त्या दिवशी मूल हसेल, “काय झालं?” असं विचारेल, किंवा गप्प राहील. लांबलचक खुलासा नको. “आजपासून मी तुला रोज आशीर्वाद देणार आहे” एवढं पुरे. आमच्या धाकट्याला यातलं काहीच सांगावं लागलं नाही, कारण तो तान्हा असल्यापासून हे चालूच आहे. तो दोन वर्षांचा असताना झोपायच्या वेळी स्वतःच माझा हात उचलून डोक्यावर ठेवायचा.

हात आणि नाव

मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात लोक मुलांना येशूकडे आणतात, शिष्य दटावतात, आणि येशू शिष्यांवर रागावतो. मग तो काय करतो ते क्रमाने बघा: मुलांना कवेत घेतो, त्यांच्यावर हात ठेवतो, आशीर्वाद देतो. आधी जवळ घेणं, मग हात, मग शब्द. घरीही हाच क्रम ठेवा. स्वयंपाकघरातून ओरडून दिलेला आशीर्वाद सूचनेसारखा ऐकू येतो.

हात जड नसावा. लहान मुलाच्या टाळूवर तळवा, मोठ्याच्या खांद्यावर. हात ठेवल्यावर एक श्वास थांबा, मग बोला. त्या एका श्वासात मूलही स्थिर होतं. आणि नाव घ्या, घरातलं लाडाचं नाव चालेल. “बाळा”, “सोन्या” रोज म्हणतोच, पण आशीर्वादात नाव आलं की मुलाला कळतं, हे माझंच आहे.

डोळे मिटायची गरज नाही. प्रार्थनेत आपण मिटतो. आशीर्वादात समोरच्याकडे बघावं. याजकांच्या आशीर्वादात दोनदा देवाचं मुख येतं, तेव्हा तो देताना आपलं तोंड मोबाइलकडे वळलेलं कसं चालेल?

दाराशी

बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाचे शब्द मुलांना कधी सांगायचे याच्या चार वेळा दिल्या आहेत: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. निजण्याचं वर आलंच. उठतानाची वेळ मी आमच्या घरात सोडून दिलीय, कारण सकाळी सहा वाजता पाण्याची मोटर, डबे आणि पाठीमागे लागून उठवणं यात कुणाचंच मन जागेवर नसतं. ज्यांच्या घरी सकाळ शांत असते त्यांनी अवश्य करावं.

माझी खरी जागा चपलांच्या स्टँडपाशी आहे. मुलगा बुटांच्या नाड्या बांधायला खाली बसतो तेव्हा त्याचं डोकं माझ्या हाताशी येतं. व्हॅनवाले काका खाली हॉर्न वाजवत असतात, त्यामुळे वेळ जेमतेम दहा सेकंद. त्यात हे बसतं: “प्रभू तुझ्याबरोबर चालो. तुझ्या तोंडी खरं असो.” एखाद्या दिवशी भांडण झालेल्या मित्राचा विषय डोक्यात असतो, तेव्हा मी जोडते, “तुझ्या हातून कुणाचं मन न दुखो, आणि कुणी तुझं दुखवलं तर प्रभू तुला धीर देवो.” स्तोत्रसंहितेतल्या १२१व्या स्तोत्राची शेवटची ओवी येण्याजाण्याचं रक्षण करणाऱ्या देवाबद्दल आहे. दारासाठी तिच्यासारखं दुसरं काही नाही: “परमेश्वर तुझं जाणंयेणं राखो.”

जागा ठरलेली असावी, हे मला वेळ ठरवण्याहून महत्त्वाचं वाटतं. घड्याळ चुकतं, पण बूट रोज घालावेच लागतात. तुमच्या घरी ती जागा गाडीवर किक मारायच्या आधीची असेल, वेणी घालून झाल्यावरची असेल. वेणीची फार चांगली. मुलगी दहा मिनिटं तुमच्या हाताखाली बसलेलीच असते.

शब्द घरचेच वापरा

पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलच्या मराठी भाषांतरावर खर्ची घातली. त्यासाठी त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या, त्याच्या थोडं आधी काम पूर्ण झालं. संस्कृतवर एवढं प्रभुत्व असलेल्या बाईंनी आपलं भाषांतर मात्र साध्या, कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा मराठीत करायचं ठरवलं होतं. मुलांना आशीर्वाद देताना मला रमाबाई आठवतात. उपासनेच्या भाषेतले “अनुग्रह”, “अभिषिक्त”, “विपुलता” हे शब्द आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून जातात. ज्या मराठीत तुम्ही त्याला “जेवलास का?” विचारता त्याच मराठीत आशीर्वाद द्या. घरात वाडवळी, सामवेदी, कोकणी किंवा अहिराणी बोलत असाल तर त्यातच. इंग्रजी शाळेतल्या मुलांनाही आशीर्वाद मराठीत ऐकायला आवडतो, हे मी दोन्ही मुलांत पाहिलं.

मी फ्रिजच्या दाराला एक कागद लावलाय. त्यावर फक्त क्रियापदं आहेत: देवो, राखो, सांभाळो, ठेवो, नेवो, आणो, लाभो, राहो, असो, होवो. शब्द सुचत नसले की त्यातलं एक उचलायचं आणि मुलाचा आजचा दिवस त्याला जोडायचा. सहलीला निघालाय: “प्रभू तुला सुखरूप नेवो आणि सुखरूप आणो.” नवीन वर्गात बसायचंय: “तुला एक चांगला मित्र लाभो.” अंधाराची भीती वाटतेय: “येशूचा उजेड तुझ्या उशाशी असो.” शेवटचं वाक्य मुलाला इतकं आवडलं की सहा महिने दुसरं काही म्हणू देत नव्हता. मी म्हणत राहिले. मुलांना तेच तेच हवं असतं, कंटाळा आपल्याला येतो.

माझी मोठी चूक

लेक बारा वर्षांची असताना घरात रोज खटके उडायचे. एका रात्री हात डोक्यावर ठेवून मी म्हटलं, “देव तुला आईचं ऐकायची बुद्धी देवो.” तिने काही न बोलता डोकं माझ्या हाताखालून काढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. पुढचे दहा-बारा दिवस तिने हात लावू दिला नाही.

मराठीत “देव तुला सद्बुद्धी देवो” हे वाक्य टोमणा म्हणून वापरलं जातं, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. मी आशीर्वादाच्या वेष्टनात तोच टोमणा दिला होता. मुलं वेष्टन बघत नाहीत. तेव्हापासून मी एक कसोटी लावते: हे वाक्य खरं झालं तर फायदा कुणाचा? माझी सोय होत असेल, माझं भांडण जिंकलं जात असेल, तर ते वाक्य गिळायचं. अभ्यास, मोबाइल, खोलीतला पसारा यांबद्दल बोलायचं असेल तर सरळ बोला, दिवसा बोला. आशीर्वादाच्या वेळेत शिकवण घुसवू नका.

दुसरी चूक टळली, पण ती आसपास फार दिसते. देवाच्या नावाने वचनं द्यायची: “प्रभू तुला पहिला नंबर देणारच”, “तुला कधी आजार शिवणार नाही”. देवाने जे कबूल केलं नाही ते आपण त्याच्या नावावर खपवतो, आणि पुढे तसं झालं नाही की मुलाचा विश्वास देवावरून उडतो. “देवो” म्हणा, “देणारच” म्हणू नका. परीक्षेच्या सकाळी मी लेकीला म्हणते, “वाचलेलं तुला आठवो. जे आठवणार नाही त्याची भीती तुला न वाटो. पेपर कसाही जावो, तू देवाचीच आहेस आणि आमचीच आहेस.” यातलं शेवटचं वाक्य येशूच्या बाप्तिस्म्यावरून सुचलं. यार्देन नदीतून वर येताना आकाशातून आवाज झाला, तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्यावर मी प्रसन्न आहे. तोवर मार्कच्या शुभवर्तमानात येशूने एकही चमत्कार केलेला नाही.

रागावल्यानंतर

ज्या दिवशी आपण मुलावर ओरडलो, हात उगारला, नको ते बोललो, त्या रात्री आशीर्वाद द्यायला लाज वाटते. एकाच तोंडातून आशीर्वाद आणि शाप निघतात, असं व्हायला नको, हे नव्या करारातला याकोब त्याच्या पत्रात लिहितो ते अगदी आपल्या घराबद्दल आहे. पण त्यावर उपाय गप्प बसणं हा नव्हे.

क्रम असा ठेवा. आधी खाली बसा, मुलाच्या उंचीला या. जे बोललो ते नेमकं सांगा: “मी तुला गाढव म्हणाले. ते खोटं होतं. माझं चुकलं, मला माफ कर.” यात “पण तूही…” जोडू नका. मग थोडं थांबा, मुलाला रडायचं असेल तर रडू द्या. त्याने माफ केलं असं लगेच म्हणावं असा आग्रह नको. मग विचारा, “हात ठेवू?” हो म्हटलं तर नेहमीचंच वाक्य, शांतपणे. नाही म्हटलं तर दारातून म्हणा आणि दिवा मालवा. चूक मुलाची असेल, शिक्षा झाली असेल, तरी आशीर्वाद शिक्षेत कापला जाऊ नये. एक दिवसाचा मोबाइल बंद होऊ शकतो, आशीर्वाद बंद होत नाही. मुलगा बापाच्या घड्याळाची काच फोडून रडत झोपला होता त्या रात्री नवऱ्याने न बोलावता जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटतं, आमच्या घरात बापाची खरी सुरुवात त्या रात्री झाली. प्रेषित पौल बापांनाच उद्देशून लिहितो, मुलांना चिरडीस आणू नका. बापाचा आवाज घरात बहुधा रागाच्या वेळी चढतो, म्हणून आशीर्वादही मुलांनी त्याच आवाजात ऐकायला हवा.

दोन मुलं असतील तर

इसहाकाचा थोरला मुलगा एसाव, त्याची ती किंकाळी मला अजून वाचवत नाही. धाकट्याने आशीर्वाद पळवला हे कळल्यावर तो म्हाताऱ्या बापाला विचारतो, बाबा, तुमच्याकडे एवढा एकच आशीर्वाद होता का? मलाही द्या. आणि मोठ्याने रडतो. बाप आपल्यासाठी वेगळं काही राखून ठेवत नाही, असं वाटणारी मुलं आपल्या घरांतही असतात.

म्हणून दोघांना तोच आशीर्वाद ओळीने वाटू नका, आणि एकाचा आशीर्वाद दुसऱ्याशी तुलना करून तर कधीच देऊ नका. “ताईसारखी बुद्धी तुला लाभो” हे ऐकून भाऊ काय शिकेल? याकोबाने मरणापूर्वी बारा मुलांना जवळ बोलावलं तेव्हा ज्याला त्याला त्याच्या-त्याच्या आशीर्वादाप्रमाणे दिलं, असं उत्पत्तीच्या ४९व्या अध्यायात आहे.

रोज इतका विचार जमत नाही, मान्य. त्यासाठी वाढदिवस आहे. वाढदिवसाच्या आदल्या रात्री मी अर्धा तास वही घेऊन बसते. या वर्षात या मुलात मी डोळ्यांनी काय पाहिलं, ते दोन-तीन ओळींत लिहिते, गुण म्हणून नव्हे, घटना म्हणून. “तू या वर्षी शेजारच्या आजींची पिशवी रोज जिन्याने वर नेलीस.” मग त्या घटनेला देवाचं नाव जोडते: “प्रभू तुझे हात असेच उपयोगी ठेवो. तुझी पिशवी जड होईल तेव्हा उचलायला तो कुणाला तरी पाठवो.” एवढंच. सकाळी केकच्या आधी वाचून दाखवते. ती वही मुलं अठरा वर्षांची झाली की त्यांच्या हातात द्यायची आहे. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या उपासनेहून घरी आल्यावर बाप हेच काम तोंडी करतो, दाराशी उभा राहून, एकेकाचं नाव घेऊन.

ताप आला असेल तेव्हा

आधी थर्मामीटर, तापाचं औषध, डॉक्टर. मग हात. तापलेल्या कपाळावर आपला गार हात मुलाला तसाही हवा असतो. “येशूचा हात तुझ्यावर राहो. रात्र सुखाची जावो. मी इथेच आहे.” बरं होण्यासाठी देवाजवळ काय रडायचं ते बाहेरच्या खोलीत जाऊन रडा. मुलासमोर त्याच्या आजाराशी मोठ्याने लढाई मांडली की ते घाबरतं, आणि ताप उतरला नाही तर आपलाच विश्वास कमी पडला असं समजतं.

हात नकोसा होतो तेव्हा

तेरा-चौदाच्या पुढे मुलं मैत्रिणींसमोर, गेटवर, लिफ्टमध्ये आशीर्वाद नको म्हणतात. माझ्या लेकीचं पहिलं कारण होतं, “केस विस्कटतात.” मी हात खांद्यावर आणला. नंतर खांदाही नको झाला, तेव्हा तिच्या दप्तराच्या पट्ट्याला हात लावून म्हणायला लागले. आता कधी तीन शब्द मोबाइलवर पाठवते: “प्रभू तुला राखो.” उत्तर येत नाही, दोन निळ्या खुणा येतात. चालतं. या वयात शब्द कमी करा, पण खंड पडू देऊ नका, आणि “पूर्वी कशी स्वतः मागायचीस” ही आठवण काढू नका.

आजीआजोबा घरात असतील तर हे वय त्यांच्यावर सोपवा. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचा विश्वास आधी त्याची आजी लोइस आणि मग आई युनीके यांच्यात होता, हे पौलाने नावांनिशी लिहून ठेवलंय. आईचा हात झिडकारणारी मुलगी आजीसमोर मुकाट मान वाकवते. काही ख्रिस्ती घरांत पाया पडतात, काही घरांत पडत नाहीत. त्यावरून वाद नको. आजीचा हात पोचेल इतकं वाकलं की झालं.

आणि मूल शिकायला बाहेरगावी गेलं की? माझा भाचा पुण्यात वसतिगृहात राहतो. त्याची आई, माझी बहीण, दर रविवारी रात्री फोन करते. मेस, कपडे, पैसे सगळं बोलून झालं की शेवटी म्हणते, “परमेश्वर तुझ्यावर आपला मुखप्रकाश पाडो आणि तुला शांती देवो.” खोलीत इतर मुलं असतात, त्यामुळे तो मोठ्याने आमेन म्हणत नाही. नुसतं “हं” म्हणतो, हळू. बहीण ते ऐकून घेते आणि मगच फोन ठेवते.